माझेच चुकले असणार!

अकरावीच्या वर्गात पदार्थविज्ञानाचे पहिले प्रात्यक्षिक बहुधा साध्या लोलकाचे असते. दोऱ्याला धातूचा गोळा बांधायचा, वीस आंदोलनांना लागणारा वेळ स्टॉपवॉचने मोजायचा, दोऱ्याची लांबी बदलून पुन्हा मोजायचा आणि त्यावरून गुरुत्वीय त्वरण काढायचे. गेली वीस वर्षे मी हे प्रात्यक्षिक घेत आलो आहे आणि गेली वीस वर्षे बहुतेक वह्यांत एकच उत्तर वाचत आलो आहे : ९८१.

यातली गंमत अशी, की हा आकडा युरोपातल्या अक्षवृत्तांना शोभणारा आहे. विषुववृत्ताकडे यावे तसे हे त्वरण कमी होत जाते. आपल्या महाराष्ट्रात ते सुमारे ९७८.५ सें.मी. प्रतिसेकंद प्रतिसेकंद इतके भरते. म्हणजे पुस्तकात पाहून ‘बरोबर’ उत्तर लिहिणारा विद्यार्थी थोडेसे चुकीचेच उत्तर लिहीत असतो! शाळा-कॉलेजातल्या लोलकाला एवढा बारीक फरक सहसा पकडता येत नाही, हे मात्र खरे.

काही वर्षांपूर्वी एका मुलीची वही तपासताना मला खोडरबराने घासून पातळ झालेला कागद दिसला. वर ठळक ९८१ आणि त्याखाली पुसट १०१२.

“हे काय गं?” मी विचारले.

“सर, चार वेळा केलं. प्रत्येक वेळी हजाराच्या वरच येतंय. माझंच काहीतरी चुकत असणार. मला प्रॅक्टिकल जमतच नाही.”

विज्ञान शाखा सोडून कला शाखेत जाण्याचा अर्ज तिने त्याच दिवशी कचेरीतून आणला होता, हे मला मागाहून समजले. कला शाखा वाईट आहे असे मुळीच नाही. पण ती निवडण्याचे हे कारण काही बरे नव्हे. असो. या मुलीकडे आपण परत येऊच. तत्पूर्वी ‘माझेच चुकले असणार’ असे म्हणणाऱ्या दुसऱ्या एका मुलीची हकिगत सांगतो.

सिसिलिया पेन हिचा जन्म १९०० साली इंग्लंडमध्ये झाला. चार वर्षांची असतानाच तिचे वडील वारले. शिष्यवृत्ती मिळवून ती केंब्रिजला गेली, ती वनस्पतिशास्त्र, रसायन आणि पदार्थविज्ञान शिकायला. १९१९ साली एडिंग्टन यांचे सूर्यग्रहणाच्या मोहिमेवरचे व्याख्यान तिने ऐकले आणि खोलीवर परत येऊन ते जवळजवळ शब्दशः लिहून काढले. तिचा मार्ग त्या रात्री ठरला. पण मार्ग ठरला म्हणून तो मोकळा झाला असे नाही. रदरफर्ड यांच्या वर्गात ती एकटीच मुलगी. नियमाप्रमाणे तिला अगदी पुढच्या रांगेत बसावे लागे. सर तिच्याकडे पाहून मुद्दाम ‘स्त्रिया आणि सद्‌गृहस्थहो’ अशी सुरुवात करीत आणि मागची मुले पाय आपटून हशा पिकवीत. त्या काळी केंब्रिज विद्यापीठ स्त्रियांना पदवीच देत नसे. ती सुरुवात झाली १९४८ साली. स्वतःवरचा अविश्वास माणूस जन्माला येताना बरोबर घेऊन येतो असे आपण समजतो. पुष्कळदा तो असा मागच्या बाकांवरून येत असतो.

१९२३ साली सिसिलिया अमेरिकेत हार्वर्डच्या वेधशाळेत गेली. तिथे ताऱ्यांच्या वर्णपटांच्या काचा होत्या. ॲनी जंप कॅनन या बाईंनी त्यांवरून सव्वादोन लाखांवर ताऱ्यांची वर्गवारी केलेली होती. ताऱ्याच्या प्रकाशाचा वर्णपट पाहिला की त्यात काळ्या रेषा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या. जणू त्याची अंगठ्याची खूणच. सूर्याच्या वर्णपटात कॅल्शियमच्या रेषा अतिशय ठळक, लोखंडाच्या तर शेकड्यांनी. त्यावरून त्या काळच्या शास्त्रज्ञांचा असा समज होता, की सूर्य आणि पृथ्वी यांचा मसाला साधारण एकच. फरक काय तो तापमानाचा.

पण ठळक रेष म्हणजे पुष्कळ अणू, हे समीकरण बरोबर आहे काय? याचे उत्तर देण्याची किल्ली आपल्या देशातून गेलेली होती. ढाक्याजवळच्या खेड्यातल्या एका वाणसामानाच्या दुकानदाराचा मुलगा, मेघनाद साहा, यांनी १९२० साली कलकत्त्याला असताना एक सूत्र मांडले. अमुक तापमानाला आणि दाबाला एखाद्या मूलद्रव्याच्या किती अणूंतून इलेक्ट्रॉन निसटलेला असेल, हे त्या सूत्रावरून काढता येते. इलेक्ट्रॉन कोणत्या स्थितीत आहे यावर अणू कोणती रेष उमटवील हे ठरते. तेव्हा रेष किती ठळक आहे एवढे पाहून भागत नाही. ती रेष उमटवायला लायक अशा स्थितीत एकूण अणूंपैकी किती आहेत, हेही पाहावे लागते.

हायड्रोजनचे उदाहरण घ्या. त्याचा इलेक्ट्रॉन जिन्याच्या पायऱ्यांवर उभा आहे अशी कल्पना करा. हायड्रोजनच्या डोळ्यांना दिसणाऱ्या रेषा उमटतात त्या फक्त दुसऱ्या पायरीवर इलेक्ट्रॉन असलेल्या अणूंमुळे. सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ५८०० केल्व्हिन. या तापमानाला हायड्रोजनचे जवळजवळ सगळे अणू पहिल्याच पायरीवर असतात. दुसऱ्या पायरीवरचा अणू सुमारे अठरा कोटींत एक! आता एखाद्या सभेत हात वर करणारा माणूस अठरा कोटींत एकच असेल आणि तरीही हातांची गर्दी दिसत असेल, तर सभा केवढी मोठी असली पाहिजे? कॅल्शियमची गोष्ट नेमकी उलट आहे. त्याचे बहुतेक अणू त्या ठळक रेषा उमटवायला तयारच असतात. म्हणून थोडके असूनही ते उठून दिसतात.

सिसिलियाने साहांचे सूत्र आणि फौलर व मिल्न यांनी त्यात घातलेली भर घेऊन अठरा मूलद्रव्यांचे हिशेब केले. सिलिकॉन, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, लोखंड यांची आपसांतली प्रमाणे पृथ्वीवरच्यासारखीच आली. पद्धत बरोबर असल्याचा हा चांगलाच पुरावा. पण हायड्रोजन मात्र धातूंच्या मानाने सुमारे दहा लाख पट निघाला, आणि हीलियमही बेसुमार! तिने हे लिखाण तयार केले तेव्हा ती पंचविशीतही पोचली नव्हती.

लिखाण प्रिन्स्टनच्या हेन्री नॉरिस रसेल यांच्याकडे अभिप्रायासाठी गेले. या विषयातला अमेरिकेतला त्यांचा शब्द अखेरचा. १९२५ च्या आरंभी त्यांचे उत्तर आले : बाकीचे काम उत्तम आहे, पण हायड्रोजन इतका असणे शक्यच नाही. रसेल यांना खलनायक ठरवण्याचे कारण नाही. अठरांपैकी सोळा आकडे जुळतात आणि दोन आकाशाला भिडतात, तेव्हा त्या दोनांचा संशय येणे स्वाभाविकच आहे. मीही कदाचित तेच लिहिले असते.

सिसिलियाने काय केले? आपल्या प्रबंधात तिने लिहून टाकले, की हायड्रोजन व हीलियम यांची ही प्रमाणे जवळजवळ खात्रीने खरी नाहीत. माझेच चुकले असणार! हिशेबात चूक सापडली नव्हती. नवे निरीक्षण पुढे आलेले नव्हते. एका मोठ्या माणसाचे पत्र तेवढे आले होते.

पण एक गोष्ट तिने केली नाही, आणि या सगळ्या हकिगतीत मला तीच मोलाची वाटते. तिने आकडे खोडले नाहीत. कोष्टकात हायड्रोजन होता तिथेच, होता तेवढाच राहिला. चार वर्षांनी, १९२९ साली, रसेल यांनी स्वतः वेगळ्या रीतीने सूर्यातल्या ५६ मूलद्रव्यांचा हिशेब केला आणि त्यांनाही हायड्रोजनचाच ढीग मिळाला. सिसिलियाच्या आकड्यांशी आपले आकडे जुळतात, हे त्यांनी नमूद केले. आकडेच नसते तर जुळवायचे कशाशी? आज आपण जाणतो, की सूर्याच्या वस्तुमानात सुमारे पाऊण हिस्सा हायड्रोजन, पाव हिस्सा हीलियम आणि बाकी सारे मिळून शंभरात दोनही भरत नाही.

पुढे १९५६ साली सिसिलिया पेन-गापोश्किन हार्वर्डला पूर्ण प्राध्यापक झाल्या. १९७६ साली अमेरिकन ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्यांना आपला मोठा सन्मान दिला. त्या सन्मानाला नाव आहे हेन्री नॉरिस रसेल यांचे! १९२५ साली माघार घेतल्याचा दोष मात्र बाईंनी आत्मवृत्तात रसेल यांना न देता स्वतःकडे घेतला.

आता आपल्या लोलकाकडे येऊ. “चार वेळा केलं आणि चारही वेळा हजाराच्या वर आलं,” असे ती मुलगी म्हणाली होती. यातच सगळे आले. हात थरथरला, डोळा चुकला, तर उत्तरे कधी वर कधी खाली जायला हवीत. चारही वेळा एकाच बाजूला चुकणारा हात मोठा शिस्तीचा म्हटला पाहिजे! मी तिला म्हटले, “तुझ्यावर संशय घेऊन झाला. आता बाकीच्यांवर घे.” तिने मीटरपट्टी दुसरीशी ताडून पाहिली, ठीक होती. गोळ्याची त्रिज्या लांबीत मिळवली होती. मग तिने स्टॉपवॉच आणि माझे मनगटी घड्याळ शेजारी ठेवून दोन्ही चालवली. पाच मिनिटे झाली तेव्हा स्टॉपवॉचमध्ये चार मिनिटे पंचावन्न सेकंद झाले होते.

मिनिटाला एक सेकंद. म्हणजे दोलनकाल साठात एक भाग कमी मोजला जात होता. सूत्रात दोलनकालाचा वर्ग छेदात असल्यामुळे उत्तर त्याच्या दुप्पट भागाने फुगत होते. तिने १०१२ ला ५९ च्या वर्गाने गुणले, ६० च्या वर्गाने भागले आणि माझ्यापुढे वही धरली : ९७८.५. इतके नेमके जुळणे हा थोडा योगायोगच. ९७५ आले असते तरी मी तेवढाच खूश झालो असतो.

तो अर्ज तिने दिला नाही. पुढे काय केले ते मला ठाऊक नाही. ते स्टॉपवॉच आमच्या कपाटात अजून आहे आणि त्याला तिच्या हातची चिठ्ठी चिकटवलेली आहे : ‘हे घड्याळ मिनिटाला एक सेकंद मागे पडते.’ तुमच्या प्रयोगशाळेतली घड्याळे तुम्हीही एकदा अशी तपासून पाहा. पाच मिनिटे पुरतात.