रोजकीर्द आणि खतावणी : दिवसाच्या सौद्यांचे टॅगद्वारे विश्लेषण

जुन्या पेढ्यांवर हिशेबाच्या दोन वह्या असत. घडलेला व्यवहार ज्या क्रमाने घडला त्याच क्रमाने रोजकीर्दीत उतरे. पुढे तोच व्यवहार ज्या खात्याचा असेल त्या खात्याखाली खतावणीत मांडला जाई. रोजकीर्द काय घडले ते सांगते, खतावणी त्याचे वर्ग पाडते. शेअर बाजारात एकाच दिवशी खरेदी आणि विक्री पुरी करणारा ट्रेडर आज जी सौदेवही ठेवतो, तिला सामान्यतः ‘जर्नल’ म्हणतात. तीत प्रत्येक सौद्यापुढे ‘ब्रेकआऊट’, ‘सकाळचे सत्र’, ‘घाई’, ‘बदला’ असे जे टॅग लिहिले जातात, त्यांचे कार्य खतावणीतील खात्यांचेच होय. या खात्यांची नावे कशी ठरतात, केव्हा लिहिली जातात आणि त्यांवरून काढलेला निष्कर्ष कितपत भरवशाचा असतो, या प्रश्नांचे विवेचन येथे केले आहे.

प्रश्न केवळ वर्गीकरणशास्त्राचा नाही. सेबीने २०२४ च्या जुलैमध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०२२-२३ या आर्थिक वर्षात रोख बाजारात इंट्राडे सौदे करणाऱ्या दर दहा व्यक्तींपैकी सात व्यक्तींना तोटा झाला. तीस वर्षांखालील ट्रेडरांत हे प्रमाण आणखी अधिक होते. वायदे व पर्यायांच्या व्यवहारांत २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत ९३ टक्के व्यक्तींना तोटा झाल्याचे त्याच संस्थेने २०२४ च्या सप्टेंबरात दाखवून दिले. अशा स्थितीत जो ट्रेडर वही ठेवतो, तो त्या वहीकडून एका प्रश्नाचे उत्तर मागत असतो : तोटा कोठून होतो, आणि तो थांबवता येण्याजोगा आहे काय? चुकीच्या टॅगांनी दिलेले चुकीचे उत्तर त्याला आणखी एक वर्ष बाजारात अडकवून ठेवू शकते.

टॅगांचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग परिस्थितीचा : सौद्याची वेळ, शेअरचा प्रकार, बाजाराचा कल. दुसरा पद्धतीचा : कोणत्या सेटअपवर सौदा केला. तिसरा आचरणाचा : पूर्वयोजना पाळली की मोडली, स्टॉप-लॉस हलवला की जागेवर ठेवला. पहिल्या वर्गातील टॅग बहुधा निर्विवाद असतात, कारण सौद्याची वेळ ब्रोकरच्या नोंदीतच असते. तिसऱ्या वर्गातील टॅग मात्र ट्रेडरने स्वतःविषयी दिलेले निर्णय असतात, आणि खरी अडचण तेथेच उद्भवते.

खूण कशी असावी याचा उत्तम आदर्श भारतीय व्याकरणपरंपरेत सापडतो. पाणिनीय धातुपाठात ‘कृ’ हा धातू ‘डुकृञ्’ असा दिला आहे. त्यातील ‘ञ्’ हा अनुबंध हा धातू उभयपदी असल्याचे दर्शवितो. ‘डु’ या अनुबंधामुळे ‘कृत्रिम’ या शब्दाची सिद्धी शक्य होते. प्रत्यक्ष शब्दरूपात हे दोन्ही अनुबंध उरत नाहीत. यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. प्रत्येक अनुबंधाला पूर्वनिश्चित कार्य आहे. ज्याने पुढे काहीच घडत नाही अशी खूण जोडलेली नाही. दुसरे असे की, शब्द सिद्ध झाल्यानंतर, त्याचे रूप पाहून, अनुबंध बदलला जात नाही. सौदेवहीतील टॅग या दोन्ही कसोट्यांना वारंवार उतरत नाहीत.

उदाहरणादाखल एक काल्पनिक वही घेऊ. तीन महिन्यांत १२० सौदे झाले आहेत. प्रत्येक सौद्यात पत्करावयाची जोखीम १,००० रुपये ठरलेली आहे. तिला एक ‘एकक’ म्हणता येईल. ५४ सौद्यांत प्रत्येकी १.२ एकक नफा झाला, म्हणजे एकूण ६४.८ एकक. ६६ सौद्यांत मिळून ७३.२ एकक तोटा झाला. निव्वळ तोटा ८.४ एकक, म्हणजे ८,४०० रुपये. दलाली, रोखे व्यवहार कर, मुद्रांक शुल्क इत्यादी खर्च दर सौद्यास ६० रुपये धरल्यास त्यात ७,२०० रुपयांची भर पडून एकूण तोटा १५,६०० रुपये होतो. रोजकीर्द येथे थांबते.

आता खतावणी करावी. ट्रेडरने ९६ सौद्यांपुढे ‘योजनेनुसार’ आणि २४ सौद्यांपुढे ‘बदला’ असा टॅग लिहिला आहे. ‘बदला’ म्हणजे आधीचा तोटा भरून काढण्याच्या ईर्षेने केलेला सौदा. योजनेनुसार केलेल्या ९६ पैकी ४८ सौद्यांत १.२ एकक नफा आणि ४८ सौद्यांत १ एकक तोटा झाला : निव्वळ नफा ९.६ एकक. ‘बदला’ टॅगाच्या २४ पैकी ६ सौद्यांत १.२ एकक नफा आणि १८ सौद्यांत १.४ एकक तोटा : निव्वळ तोटा १८ एकक. निष्कर्ष उघड दिसतो. पद्धत चांगली आहे, दोष स्वभावाचा आहे; ‘बदला’ सोडला की नफा हाती येईल.

हा निष्कर्ष दोन ठिकाणी तपासला पाहिजे. योजनेनुसार केलेल्या सौद्यांचा सरासरी नफा ०.१ एकक आहे. परंतु अशा ९६ सौद्यांच्या सरासरीची प्रमाणत्रुटी सुमारे ०.११ एकक येते. सरासरी नफा प्रमाणत्रुटीहूनही लहान असल्यामुळे तो निव्वळ योगायोगाचा नव्हे असे म्हणण्यास आधार नाही. शिवाय खर्च वजा जाता ९,६०० रुपयांचे ३,८४० रुपयेच उरतात. ‘बदला’ सौद्यांचा सरासरी तोटा मात्र ०.७५ एकक असून त्याची प्रमाणत्रुटी ०.२३ आहे, म्हणजे तोटा प्रमाणत्रुटीच्या तिपटीहून अधिक आहे. एवंच, ही वही कौशल्य सिद्ध करीत नाही. ती फार तर हानीचे एक स्थान दाखविते.

पण तेही केव्हा? टॅग सौद्याचा निकाल लागण्यापूर्वी लिहिला असेल तरच. समजा, हे टॅग संध्याकाळी, नफातोटा पाहून लिहिले गेले. आणि ईर्षेने केलेले आणखी आठ सौदे असे होते की ज्यांत नफा झाला, म्हणून ते ‘योजनेनुसार’ या खात्यात गेले. ते आठ सौदे स्वस्थानी नेले की चित्र पालटते. ‘योजनेनुसार’ खात्यात ८८ सौदे उरतात : ४० नफ्याचे, ४८ तोट्याचे, नफा ४८ एकक, तोटा ४८ एकक, निव्वळ शून्य. ‘बदला’ खात्यात ३२ सौदे होतात आणि त्यांचा तोटा १८ वरून ८.४ एककांवर येतो. सरासरी तोटा ०.२६ आणि प्रमाणत्रुटी ०.२३. म्हणजे केवळ आठ टॅग बदलताच चांगली पद्धतही नाहीशी होते आणि वाईट स्वभावाचा पुरावाही दुबळा पडतो. १२० पैकी आठ नोंदींनी संपूर्ण निष्कर्ष उलटविला.

येथे भाषेचा व्यापार स्पष्ट होतो. फसलेल्या धाडसाला लोक ‘अविचार’ म्हणतात आणि यशस्वी अविचाराला ‘धाडस’. अशा शब्दांच्या अर्थातच निकाल सामावलेला असतो. ‘घाई’, ‘लोभ’, ‘चूक’ हे टॅग याच जातीचे आहेत. त्यांच्यावरून ‘घाईच्या सौद्यांत तोटा होतो’ असे विधान केले, तर ते पुष्कळदा ‘ज्यांत तोटा झाला त्यांना घाईचे म्हटले’ एवढेच सांगणारे पुनरुक्त विधान ठरते. तद्वतच तोटा आणि चूक हेही समानार्थी नव्हेत. नियम पाळून झालेला तोटा ही चूक नव्हे. नियम मोडून मिळालेला नफा मात्र चूक होय.

यावर उपाय व्याख्येचा आहे. ‘बदला’ म्हणजे ईर्षेने केलेला सौदा असे न म्हणता, ‘तोट्याचा सौदा बंद झाल्यापासून दहा मिनिटांच्या आत केलेला, सकाळच्या यादीत नसलेला सौदा’ असे म्हणावे. मनाची अवस्था या व्याख्येत येत नाही, हे खरे. परंतु ही व्याख्या वेळेच्या नोंदीवरून कोणासही पडताळता येते, आणि निकालानंतर तीत बदल करण्यास वाव उरत नाही. ज्या टॅगांना अशी व्याख्या देता येत नाही, ते सौदा करतानाच लिहावेत आणि त्यांची वेळही नोंदवावी.

टॅग कितपत स्थिर आहेत हेही मोजता येते. जुन्या सौद्यांचे आलेख महिन्याभराने निकाल झाकून पुन्हा पाहावेत आणि नव्याने टॅग द्यावेत. दोन्ही वेळच्या टॅगांत ८४ टक्के मेळ आला तर तो समाधानकारक वाटेल. पण दोन्ही वेळा ८० टक्के सौद्यांना ‘योजनेनुसार’ हा टॅग मिळत असेल, तर निव्वळ योगायोगानेही ६८ टक्के मेळ बसतोच. योगायोगाचा भाग वगळून मेळ मोजण्याचे जे गुणक जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये सुचविले, त्यानुसार हा मेळ केवळ ०.५ येतो. ज्याचे स्वतःशीच इतपत जमते, त्याच्या टॅगांवर मोठा निर्णय उभारणे धोक्याचे आहे.

टॅगांची संख्या हाही विचारात घेण्याजोगा मुद्दा आहे. पाच सेटअप, दिवसाचे चार भाग आणि तीन मनःस्थिती धरल्या तर साठ कप्पे होतात. १२० सौदे त्यांत वाटले तर प्रत्येकी सरासरी दोनच येतात. दोन सौद्यांवरून काहीही सांगता येत नाही. त्याचप्रमाणे, परस्परांशी संबंध नसलेले आणि वस्तुतः निरर्थक असे वीस टॅग पाच टक्क्यांच्या कसोटीला लावले, तरी त्यांपैकी निदान एक तरी ‘अर्थपूर्ण’ ठरण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. तो एक टॅग उचलून त्यावर पुढील महिन्याचे भांडवल लावणारा ट्रेडर योगायोगालाच नियम समजतो.

भाषाभ्यासाने या धोक्यापासून बचावण्याची एक रीत रूढ केली आहे. अमेरिकेतील ब्राऊन विद्यापीठाच्या शब्दसंग्रहाच्या धर्तीवर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात भारतीय इंग्रजीचा जो दहा लाख शब्दांचा संग्रह सिद्ध झाला, त्यात १९७८ मधील लेखन घेतले आहे. वर्ष, लेखनप्रकारांचे वर्ग आणि नमुन्यांची लांबी आधी ठरली. गणना नंतर झाली. सौदेवहीतही हाच क्रम हवा. तिमाहीच्या आरंभी पाच-सहा टॅग व्याख्येसह निश्चित करावेत आणि तिमाही संपेपर्यंत बदलू नयेत. पहिल्या तिमाहीत जे आढळले ते अनुमान समजावे. दुसऱ्या तिमाहीच्या नव्या सौद्यांवर ते टिकले तरच त्यास निष्कर्ष म्हणावे.

या शिस्तीने नफा मिळेलच असे नाही. ब्रॅड बार्बर, टेरन्स ओडीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तैवानमधील १९९२ ते २००६ या काळातील व्यवहार तपासले, तेव्हा दिवसाचे सौदे करून खर्च वजा जाता सातत्याने नफा मिळविणारे एक टक्क्याहूनही कमी आढळले. म्हणून नीट ठेवलेल्या वहीने ‘अमुक चूक सुधारावी’ असे सांगण्याऐवजी ‘योजनेनुसार केलेल्या सौद्यांतही काही उरत नाही’ असे सांगितले, तर तेही उत्तरच होय. सैल टॅगांची वही हे उत्तर कधीच देणार नाही. कारण तीत प्रत्येक तोट्याला एक नाव तयार असते, आणि नाव मिळाले की तोटा समजल्याचा भास होतो. पेढीवरील जुना मुनीम खतावणी घालताना खात्याचे नाव रक्कम पाहून ठरवीत नसे. तेवढे पथ्य पाळले तरी सौदेवही आपले काम करील.