नाकारलेलें शौर्यपदक

'मेडल ऑफ ऑनर' हें अमेरिकेचें सर्वोच्च लष्करी पदक १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धांत निर्माण झालें. रणांगणावर प्राण संकटांत घालून शौर्य गाजविणारासच तें द्यावयाचें असतें. ८ नोव्हेंबर १९४२ रोजीं दोस्त सैन्य उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरलें. त्या मोहिमेचे सरसेनापति जनरल आयझेनहॉवर होते. १९४३ सालीं त्यांना हें पदक देऊं करण्यांत आलें. परंतु मोहिमेचें नेतृत्व निराळें आणि शत्रूच्या गोळ्यांस छाती देणें निराळें. पदक शौर्यासाठीं आहे, या विचारानें त्यांनीं तें नाकारलें. पुढें १९५३ सालीं राष्ट्राध्यक्ष झाल्यावर कोरियाच्या युद्धांतील वीरांच्या गळ्यांत तेंच पदक त्यांनीं स्वहस्तें घातलें. विद्यार्थिमित्रहो, दुसऱ्याच्या पराक्रमाचा मान आपण न घेणें, हीहि थोरवीच होय.