अणशीच्या रानात नेम कॅमेऱ्याचा

रायफलीवर दुर्बीण बसवताना आधी बैठक घट्ट करतात, मग नेम जुळवतात. जोयडा तालुक्यातील अणशीच्या रानात हेच कसब वाघ मोजायला लागते. १९७२ च्या कायद्याने शिकारीला बंदी आली, १९८७ मध्ये हे रान राष्ट्रीय उद्यान झाले. आज ते काळी व्याघ्र प्रकल्पात आहे.

वाघाच्या वाटेवर समोरासमोरच्या झाडांना, गुडघ्याएवढ्या उंचीवर दोन कॅमेरे बांधतात. मग माणूसच ओणवा होऊन समोरून जातो. फोटो निघाला की नेम बरोबर!

दोन कशाला? वाघाच्या दोन्ही कुशींवरचे पट्टे वेगळे असतात. इथे डावी, तिथे उजवी कूस टिपली, तर एकाच ‘हुली’चे दोन वाघ व्हायचे. बांधणी सैल राहिली, तर फोटोत नुसते गवत!