कीपरची जागा

संपादकांना बेसबॉलच्या कॅचरवर लेख हवा होता. भोर-वेल्ह्याकडे बेसबॉल काही दिसला नाही. पण भातकापणी उरकली की तोरण्याच्या पायथ्याच्या खाचरांत टेनिस बॉल क्रिकेटच्या मॅच रंगतात आणि त्यातला कीपर म्हणजे कॅचरचा चुलतभाऊच. दोघांनीही फलंदाजाच्या मागे उकिडवं बसायचं, आणि दोघांचंही नाव निघतं ते चेंडू सुटल्यावर.

वेल्ह्याच्या रस्त्यावर अशाच एका मॅचपाशी थांबलो. कीपर विशीतला, हात उघडे. फिरकी सुरू झाली तसा तो स्टंपांना चिकटून बसला. मी बघत राहिलो ते त्याचं उठणं. नवखा कीपर गोलंदाजाच्या हातून चेंडू सुटताच उभा राहतो आणि खाली राहिलेला चेंडू त्याच्या पायांतून जातो. हा मात्र टप्पा पडेपर्यंत हलत नव्हता. चेंडू उसळला की त्याच्याबरोबर उठायचा; बोटं जमिनीकडे, तळवे उघडे, आणि चेंडू लागताना हात किंचित मागे.

याच हुन्नरावर मुंबईचे नरेन ताम्हाणे कसोटी खेळले. 1955च्या जानेवारीत तेव्हा पाकिस्तानात असलेल्या ढाक्याला पहिली कसोटी; पाकिस्तानच्या त्या दौऱ्यात 5 कसोटींत 19 बळी, त्यातले 7 यष्टिचीत. गोलंदाजीला सुभाष गुप्ते. त्यांची गुगली फलंदाजाला ओळखू आली नाही तर तो बाद होतो, एवढंच. कीपरला ती ओळखावीच लागते. चेंडू लेगला वळला की मध्ये फलंदाजाचं अंग येतं, चेंडू क्षणभर दिसतच नाही. हात त्याआधीच तिथे पोचलेले हवेत, आणि फलंदाजाचा पाय क्रीझबाहेर आहे तेवढ्यात बेल्स उडायला हव्यात. ताम्हाणेंच्या नावावर 21 कसोटींत 35 झेल, 16 यष्टिचीत आणि 225 धावा आहेत. एवढ्या धावांवर आज 21 कसोटी कोणी खेळू देणार नाही. मला हे क्रिकेटचं नुकसान वाटतं.

धावा करूनही भागत नाही, हे नाना जोशींकडे पाहून कळतं. महाराष्ट्राचे हे कीपर 1951 ते 1960 या काळात 12 कसोटी खेळले. संघात जागा एकच आणि तिच्यावर हक्क सांगणारे अनेक. डिसेंबर 1960मध्ये ब्रेबॉर्नवर पाकिस्तानविरुद्ध त्यांनी रमाकांत देसाईंबरोबर नवव्या विकेटसाठी 149 धावा जोडल्या. देसाई 85, जोशी नाबाद 52. ती जोशींची शेवटची कसोटी.

याउलट अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉल संघात निदान दोन कॅचर असतात, कारण जवळजवळ रोजचं ते बसणं गुडघे खातं. कोणता चेंडू टाकायचा याची खूण बहुतेकदा कॅचरच पिचरला करतो. पिचरचा विश्वास बसला तर बॅट कच्ची असलेला कॅचरही वर्षानुवर्षं टिकतो. आपल्याकडे 90 षटकांच्या दिवसात कीपर 540 वेळा बसतो-उठतो आणि निवड होताना आधी त्याची सरासरी पाहिली जाते.

खाचरातल्या पोराची अडचण त्याही आधी सुरू होते. टेनिसचा चेंडू हलका, छातीपर्यंत उसळणारा. चामड्याचा सीझन बॉल जड असतो, घोट्याजवळ येतो, आणि चुकला तर बोट मोडतो. त्यासाठी ग्लोव्हज, आतले इनर, पॅड, गार्ड हवं. रोज शंभर-दोनशे चेंडू टाकणारा कुणी हवा. आणि खेळपट्टी हवी, कारण भाताची धसकटं काढून सपाट केलेल्या जमिनीवर लेगस्पिनचा टप्पा दोनदा सारखा उठत नाही. हे सगळं मिळवायला पुणं गाठायचं, तेही शेतीची कामं आणि एसटीची वेळ सांभाळून, पंधरा-सोळाव्या वर्षाच्या आत. विशीत आल्यावर वयोगटांच्या निवडचाचण्यांची दारं बहुतेक बंद झालेली असतात.