शंका कालाविषयी, की मूर्तींविषयी?

श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. १९७४ साली तिथे झुडपाच्या बुडाशी खणताना एका भिल्ल शेतकऱ्याला काशाच्या चार भरीव ओतीव वस्तू सापडल्या: हाकणाऱ्या पुरुषासह बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. त्या शास्त्रशुद्ध उत्खननाच्या थरातून आलेल्या नव्हत्या, आणि वादाचे मूळ तिथेच आहे. म. ना. देशपांडे, एस. आर. राव आणि एस. ए. साळी या उत्खननकारांनी परिस्थितिजन्य पुराव्यावरून त्या उत्तर-हडप्पा काळातल्या, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या मानल्या. पुरातत्त्वज्ञ डी. पी. अग्रवालांना हे पटले नाही. या धातूत आर्सेनिक १ टक्क्याहून जास्त आहे, ताम्रपाषाणयुगीन इतर वस्तूंत असे मिश्रण आढळत नाही, तेव्हा या वस्तू बऱ्याच नंतरच्या, ऐतिहासिक काळातल्या असाव्यात, असे त्यांनी मांडले.

असा वाद असलेला कालनिर्णय इंग्रजीत ‘डाउटफुल’ ठरेल. त्याऐवजी ‘ड्युबियस’ म्हटले, तर अविश्वासाची छटा येते. ‘डाउटफुल’ खात्री नसल्याचे सांगतो; ‘ड्युबियस’ पुष्कळदा पाणी मुरत असल्याचे सुचवतो. शिवाय हे दोन्ही शब्द शंका घेणाऱ्या माणसालाही लागतात आणि जिच्याविषयी शंका आहे त्या वस्तूलाही. मराठीने ही वाटणी आधीच केली आहे: माणूस साशंक, स्वभावाने तसा असेल तर संशयी, विधान संदिग्ध, निष्कर्ष अनिश्चित, आणि व्यवहार संशयास्पद. तरीही भाषांतर करताना या सगळ्यांच्या जागी ‘संशयास्पद’ सर्रास बसवला जातो.

कोणी म्हणेल, व्युत्पत्तीने ‘संशयास्पद’ म्हणजे केवळ संशयाला जागा असलेले. मग बिघडले कुठे? बिघडते ते वापरामुळे. ‘संशयास्पद मृत्यू’, ‘संशयास्पद हालचाली’ असे पोलिसी मथळे रोज वाचणाऱ्याला या शब्दात गुन्ह्याचाच वास येतो. ‘दायमाबादच्या संशयास्पद मूर्ती’ असे वाचून तो त्या बनावट असल्याचे समजेल. अग्रवालांचा आक्षेप मूर्तींच्या खरेपणावर नव्हता, त्यांच्या वयावर होता. आणखी कोणी म्हणेल, बोलताना एवढी चिकित्सा कोण करतो? बोलताना नकोच, ‘तो सामन्यात खेळेल का? डाउटफुल आहे’ हे मराठी कानाला नीट कळते. पण छापताना शंका नेमकी कशावर आहे हे सांगायलाच हवे. दायमाबादच्या मूर्तींचा काळ वादग्रस्त आहे, मूर्ती नव्हेत.