मुखवट्याची काच आणि आगीची आच

जळत्या इमारतीत शिरणाऱ्या अग्निशमन जवानाचा जीव प्रामुख्याने दोन साधनांवर विसंबून असतो. अंगावरील उष्णतारोधक पोशाख हे पहिले आणि श्वसनसंच हे दुसरे. दोन्ही साधने एकाच आगीत वापरली जातात. तथापि उष्णता सोसण्याची त्यांची शक्ती सारखी नसते. त्यांतील सर्वांत दुबळा भाग म्हणजे मुखवट्याची पारदर्शक काच होय.

पोशाखाचे तीन थर

पोशाखाचा बाहेरील थर अरामिड या सहजासहजी पेट न घेणाऱ्या तंतूंचा असतो. मधला थर पाणी रोखतो, तर आतील थर आपल्यात हवा कोंडून ठेवून उष्णतेचा वेग मंदावतो. अमेरिकन मानकानुसार या कापडाची २६० अंश सेल्सिअसच्या भट्टीत ५ मिनिटे कसोटी घेतली जाते. मानवी त्वचेला सुमारे ४४ अंशांवरच वेदना होऊ लागतात, हे लक्षात घेतले म्हणजे या थरांचे महत्त्व पटते.

श्वसनसंचातील ६ लिटरच्या सिलिंडरमध्ये ३०० बार दाबाने सुमारे १,८०० लिटर हवा भरलेली असते. मिनिटास ४० लिटर या हिशेबाने ती सुमारे ४५ मिनिटे पुरते. श्रम वाढले की लवकर संपते. मुखवट्यातील दाब बाहेरच्यापेक्षा किंचित अधिक ठेवलेला असल्याने धूर आत शिरू शकत नाही.

काच का दगा देते?

मुखवट्याची ही ‘काच’ वस्तुतः पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकची असते. ते हलके असून आघात उत्तम सोसते. परंतु सुमारे १५० अंशांवर मऊ पडू लागते. उलट, बंद खोलीतील सर्व वस्तू एकाच वेळी भडकण्याच्या सुमारास छताजवळील वायूंचे तापमान ६०० अंशांच्या आसपास पोहोचते आणि जमिनीवर दर चौरस मीटरला सुमारे २० किलोवॉट उष्णता पडते. भर दुपारच्या उन्हाची उष्णता याच मापाने सुमारे १ किलोवॉट भरते.

अमेरिकेत मृत्युमुखी पडलेल्या काही जवानांचे मुखवटे वितळलेले आढळले. त्यावरून तेथील राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने मुखवट्यांवर प्रयोग केले. १५ किलोवॉटच्या प्रारणात काचेवर बुडबुडे आले, ती वाकली व तिला भोकेही पडली. त्यानंतर अमेरिकेतील श्वसनसंचांच्या मानकाच्या २०१३ च्या आवृत्तीत मुखवट्याने १५ किलोवॉट उष्णता ५ मिनिटे सोसली पाहिजे, अशी नवी कसोटी समाविष्ट झाली.

काचेला भोक पडताच सिलिंडरमधील हवा वेगाने बाहेर निसटते आणि श्वासाबरोबर तप्त वायू आत जाऊन श्वसनमार्ग भाजतो. यात आणखी एक धोका दडलेला आहे. पोशाख जितका उत्तम, तितकी उष्णतेची जाणीव त्वचेला उशिरा होते. अंगाला चटका बसेपर्यंत काच मऊ पडू लागलेली असू शकते.

खरेदी आणि निगा

यास्तव श्वसनसंच खरेदी करताना हवेची क्षमता व किंमत एवढेच न पाहता, मुखवट्याच्या उष्णता-कसोटीचे प्रमाणपत्र मागावे. प्रत्येक आगीनंतर काच उजेडासमोर धरून बारीक तडे, बुडबुडे किंवा धूसरपणा दिसतो काय, हे तपासावे; दिसल्यास तो मुखवटा त्वरित वापरातून काढावा. काच सौम्य साबणाच्या पाण्याने धुवावी. थिनरसारख्या द्रावकांनी ती ठिसूळ होते. जवानांना वाकून, जमिनीलगत राहून काम करण्याचा आणि काचेवर तडे उमटताच माघार घेण्याचा सराव द्यावा.

मुंबई गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी झालेल्या स्फोटांत ६६ अग्निशमन जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. नगरपरिषदांनी व पंचायतींनी या सप्ताहात आपल्या परिसरातील अग्निशमन केंद्राला भेट देऊन तेथील मुखवट्यांची स्थिती समजून घेतल्यास स्मरणास कृतीची जोड मिळेल. दुसऱ्यांसाठी आगीत शिरणाऱ्याला स्वतःच्या साधनाची मर्यादा आगीत नव्हे, तर आगीपूर्वी कळली पाहिजे.