धास्तावलेलं दूध

पेरूमधल्या आयाकुचो भागात, अँडीजच्या डोंगरांत, केचुआ भाषा बोलणारे आदिवासी शेतकरी राहतात. १९८० पासून वीस वर्षं ‘शायनिंग पाथ’चे बंडखोर आणि लष्कर यांच्या कात्रीत ते सापडले. पेरूच्या सत्यशोधन आयोगाने २००३ मध्ये या संघर्षात देशभरातले मृत आणि बेपत्ता मिळून सुमारे ६९ हजारांचा अंदाज दिला. चारांतले तीन बळी केचुआसारख्या आदिवासी भाषा बोलणारे होते.

तिथल्या आया सांगतात, भेदरलेल्या आईने अंगावर पाजलं की तिचा धसका दुधातून लेकरात उतरतो. हे धास्तावलेलं दूध. ताणात वाढणारं कॉर्टिसॉल हे संप्रेरक आईच्या दुधातही सापडतं. तेवढ्याने ही समजूत सिद्ध होत नाही. पण तिला अडाणीपणा म्हणून उडवून लावणं मला साफ चुकीचं वाटतं.

केचुआत ‘ल्याकी’ म्हणजे दुःख, छळणाऱ्या आठवणी. त्या देहात साठतात आणि माणूस भरून जातो, असं ही माणसं मानतात. मग मानसिक आघात मोजायला झोप, दचकणं, दुःस्वप्नं एवढंच विचारणाऱ्या छापील प्रश्नावलीत त्यांचं दुखणं मावेल कसं? उपचार करणाऱ्याने आधी त्यांची भाषा शिकावी.